आऱ्यावरचं लाकूड

हेमेंद्रने पान्यावर दोन्ही हातांचा भार टाकला. नट हलला नाही. गंजाचा एक पोपडा तेवढा सुटून त्याच्या डोळ्यात गेला. डोळा चोळत त्याने बाटलीतलं घासलेट पुन्हा नटावर ओतलं आणि मागे वळून म्हणाला,

"जाम हाय, बाबा. पन मेला नाई."

 उदाराम अंगणाच्या कडेला, जिथं मोटारसायकल लावली होती, तिथंच सीटला हात टेकून उभा होता. नवेगाव बांधाजवळच्या त्यांच्या गावाहून गोंदिया आणि गोंदियाहून पुढं कामठा. सत्तरीच्या माणसाने एवढं अंतर मागच्या सीटवर काढलं म्हणजे कंबर धरणारच, असं हेमेंद्र समजून चालला होता. कंबरेचा काही दोष नव्हता. म्हाताऱ्याने ते यंत्र अंगणात शिरताक्षणी ओळखलं होतं.

उन्हापावसात पडलेलं लोखंड सगळं सारखंच दिसतं म्हणतात. खोटं आहे ते. दोन टायरांची गाडी, तिच्यावर लाकूड ठेवायचा लांब लोखंडी पलंग, पलंगावर मागंपुढं सरकणारी चौकट, चौकटीत दोन मोठी चाकं आणि त्या चाकांवरून फिरणारं दातेरी पातं. पातं आता नव्हतं. टायर मातीत बसले होते. पण इंजिनच्या पत्र्यावर कुणीतरी हौसेने दोन पोपट रंगवले होते आणि त्यातल्या एकाची चोच अजून लाल होती. ती चोच उदारामने सहा वर्षांपूर्वी स्वतःच्या खळ्यावर, चहाचा कप हातात धरून, चांगली निरखली होती. पोपट कायले, म्हणून मिस्त्रीला विचारलंही होतं. मिस्त्री हसला होता. म्हणाला, पोरीनं काढाले लावले.

असा आरा ट्रॅक्टरमागे बांधून गावोगाव न्यायचा. ज्याचं झाड पडलं त्याच्या खळ्यावर लावायचा, फळ्या पाडून द्यायच्या आणि पुढच्या गावाला जायचं. फिरता आरा म्हणायचे त्याला. हेमेंद्रच्या डोक्यात आता तेच भरलं होतं. हैदराबादेत फर्निचरच्या कारखान्यात सात वर्षं काढून तो दोन वर्षांपूर्वी आईच्या तेरवीला आला, आणि परत जाऊ की नको करत राहिला. विकाऊ आऱ्याचा फोटो त्याच्या मोबाइलवर कोणीतरी पाठवला, तेव्हापासून त्याला झोप नव्हती. गोंदियात जाऊन जंगल खात्याचे कागद काय लागतात ते विचारून आला. बेअरिंग कुठे मिळतात, पातं कोण जोडून देतं, सगळं काढून ठेवलं. आणि बापाला स्पष्ट सांगितलं, आरा जमला तर मी गावात राहतो, नाही जमला तर शिमग्यानंतर हैदराबाद.

उदारामला आयुष्यात आता दुसरं काही मागायचं नव्हतं. घरात भात दोघांचा शिजावा, एवढंच. म्हणून तो आला होता. फोटो त्यालाही दाखवला होता पोराने, पण त्या चार बोटांच्या काचेत म्हाताऱ्याला काय दिसणार? त्याला नुसतं तांबडं तांबडं दिसलं होतं.

आता दिसत होतं ते अंगणभर होतं. कोणाला काही विचारायची तर सोय नव्हतीच, पण नजर हलवायचीही राहिली नव्हती. कारण पलंगावर एक ओंडका अजून तसाच पडून होता. कडुनिंबाचा बुंधा, कवेत न मावणारा, अर्ध्यापर्यंत चिरलेला. वर वेल चढून वाळून गेली होती.

दाराच्या चौकटीला दार नव्हतं, शिवलेल्या पोत्यांचा पडदा होता. तो बाजूला सारून गीताबाई चहा घेऊन आली. पन्नाशीची, काटक बाई; बोलताना समोरच्याकडे बघायची नाही, हातातल्या कामाकडे बघायची.

"बसा ना, बाबाजी. काऊन उभेच? एवढ्या दुरून आले."

"बसतो," उदाराम म्हणाला आणि बसला नाही.

"मावशी, सहा वर्सं कोनालेच नाई दिली?" हेमेंद्रने विचारलं. "आतालेच काऊन विकून राहिल्या?"

"घरकुल मंजूर झालं. जागा पाहिजे. कबाडवाला दोनदा येऊन गेला, किलोनं मांगते." तिने एक कप उदारामच्या हातात दिला, दुसरा यंत्राच्या टायरवर ठेवला. "किलोनं द्याले जीव होत नाई. तुम्ही चालवतो म्हनता, तं पाहा."

"चालवतो. बेअरिंग गेले, टायर गेले, इंजिन खोलाच लागंन. पन सांगाडा पक्का हाय." हेमेंद्रने लोखंडावर हातोडीचा ठोका मारला आणि कान लावून आवाज ऐकला. खूश झाला. मग ओंडक्याकडे हात केला. "हे लाकूड?"

"थे त्या दिवसाचं हाय."

"कोनत्या दिवसाचं?"

गीताबाईने पदर खांद्यावर ओढला. हे सांगायची तिला सवय होती असं नाही, पण सांगावं लागणार हे ती धरून होती.

"आमच्या घरच्यानं हे चढवलं अना अर्धं चिरलं. मधात खिळा होता. पातं तुटलं अना उलटं आलं." तिचा हात गळ्यापाशी गेला आणि खाली आला. "गोंदियाच्या दवाखान्यापर्यंतही नाई पोचला. तवापासून ह्या लाकडाले गावातलं कोनी हात लावत नाई. तुमाले मशीन पाहिजे तं तुमालेच उतरवा लागंन."

हेमेंद्र वाकला. चिरेच्या टोकाशी त्याने बोटाने भुसा आणि माती उकरली. आत पात्याचा वीतभर तुकडा अजून अडकलेला होता आणि त्याच्या पुढे, लाकडाच्या पोटात, काळं चौकोनी लोखंड दिसत होतं. लोहाराच्या हातचा, अंगठ्याएवढा जाड खिळा. भोवतालचं लाकूड शाईसारखं निळंकाळं पडलं होतं.

"बाप्पा!" हेमेंद्र म्हणाला. "पाहा बाबा, केवढा खिळा. ज्याचं झाड होतं त्याले मालूम नसंन काय?"

उदारामने कप तोंडाला लावला. चहा गार झाला होता, तरी फुंकर घातली.

"नाव काय होतं मिस्त्रीचं?" त्याने विचारलं.

"चैतराम."

सहा वर्षं त्याला ते नाव माहीत नव्हतं. गोंदियाकडचा मिस्त्री, एवढंच. दोन दिवस त्या माणसाने त्याच्या खळ्यावर काम केलं, त्याच्या घरचा भात आणि वाटाण्याची भाजी खाल्ली, त्याच्या बायकोला वहिनी म्हणाला, आणि नवराबायकोने त्याचं नाव विचारलं नाही. चैतराम. उदारामने ते मनात एकदा म्हणून पाहिलं.

"दोष कोनाले देनार?" गीताबाई म्हणाली. "लोक म्हनतात, दारू पेऊन होता. माहा दीर तं अजूनही म्हनते, ह्याच कुंपनाच्या पल्याड बसून. पेत होता, खोटं कायले बोलू? पन पेऊन आऱ्यावर कधी नाई चढला."

मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. चैतरामच्या वाट्याला तेही आलं नव्हतं. माणूस गेला तो गेला, वर निष्काळजी म्हणून गेला, आणि अशा माणसाच्या बायकोला गाव दयासुद्धा मोजूनमापून दाखवतं.

"माहा राग येगळा हाय," ती पुढे म्हणाली. आता ती अंगणातल्या काटक्या गोळा करू लागली होती, नको असताना. "त्याची एक रीत होती. त्याच्या बापाची. लाकूड चढवाच्या आधी मालकाले लाकडावर हात ठेवाले लावे अना तीनदा विचारे, लोहा हाय का? मालकानं तीनदा नाई म्हनलं, तवाच इंजिन चालू करे. साऱ्या दुनियेले विचारे. अना हे लाकूड मजुरीत भेटलं. घराले दार बनवतो म्हने, निंबाच्या दाराले वाळवी नाई लागत. नाचत नाचत आनलं. आपलंच लाकूड झालं, मंग विचारते कोनाले? तिथंच विसरला असंन." काटक्यांचा जुडगा तिने चुलीच्या बाजूला फेकला. "सहा वर्सं मी मनातल्या मनात त्याच्यासंग भांडून राहिली. का बा, एकडाव विचारलं असतं तं तुहं काय जात होतं? पोरगी लगीन होऊन गेली, तिच्या लग्नात भांडली. दिवाळीले भांडते. फोटोले हार घालाले हात नाई उचलत माहा."

 हेमेंद्र पुन्हा नटाकडे वळला.

विचारलं होतं. तीनदा विचारलं होतं.

हेमेंद्र पाच वर्षांचा असताना त्याला फिट यायच्या. पोट्टं खेळता खेळता आडवं व्हायचं, दातखीळ बसायची, डोळे पांढरे. गोंदियाच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, त्या चालू होत्या. आणि गावच्या पुजाऱ्याने सांगितलं तेही केलं. खळ्यावरच्या निंबाला पाठ लावून पोराला उभं केलं, आईने खांदे धरले, आणि बरोबर पोराच्या डोक्याच्या उंचीवर, टाळूच्या बोटभर वर, लोहाराकडून घडवून आणलेला खिळा पुजाऱ्याने झाडात पुरता ठोकला. पोराचं दुखणं झाडात खिळलं. मग त्याने नवराबायकोला बजावलं. खिळा कोनाले सांगू नोको. सांगतला का सुटला.

फिट थांबल्या. गोळ्यांनी थांबल्या की खिळ्याने, हे ज्याचं त्याने ठरवावं. उदारामने ठरवलेलं होतं. बायकोने तर जाताना, शेवटच्या दोन दिवसांतसुद्धा, त्याच्याकडून पुन्हा एकदा कबूल करून घेतलं होतं. पोराला स्वतःलाही यातलं काही माहीत नव्हतं.

झाड वाढतं ते शेंड्याने. बुंध्यात ठोकलेला खिळा जिथल्या तिथंच राहतो, साल त्याला गिळून टाकते. वीस वर्षांनी ते झाड वादळात पडलं, तेव्हा वरून काहीच दिसत नव्हतं. मिस्त्री आला, त्याने वरच्या खोडाच्या फळ्या पाडल्या. बुंधा उदारामने बाजूला ठेवायला सांगितला; तो अख्खाच्या अख्खा बांधात पुरायचा असं नवराबायकोचं ठरलं होतं. पण मजुरीची गोष्ट निघाली तेव्हा मिस्त्रीचा जीव त्याच बुंध्यावर गेला. पैसे नोको, म्हणाला, हे लाकूड द्या, घराले दार नाई माह्या. नाही म्हणायला कारण लागतं, आणि कारण तर तोंडातून काढायचं नव्हतं. नाही म्हणता आलं नाही ते नाहीच.

ट्रॉलीत चढवायच्या आधी मिस्त्रीने, वरच्या खोडाला केलं होतं तसंच, उदारामचा हात धरला आणि बुंध्यावर ठेवला. म्हणाला, रीत हाय भाऊ, रागावू नोका. लोहा हाय का? उदाराम म्हणाला, नाई. लोहा हाय का? नाई. लोहा हाय का? तिसऱ्यांदा तो जरा मोठ्यानेच नाई म्हणाला, कारण बायको ओसरीतून पाहत होती. वीस वर्षांचा खिळा, आतल्या आत माती झाला असंन, अशी त्याने मनाची समजूत घातली. शिवाय झाड जेवढं दूर गेलं तेवढं दुखणं दूर गेलं, हेही होतंच. ट्रॉली वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा त्याला बरंच वाटलं होतं. लाज वाटावी इतकं बरं वाटलं होतं.

"बाबा! फिरलं!"

हेमेंद्रच्या आरोळीने तो दचकला. नट सुटला होता. पोराने कोपरापर्यंत काळ्या झालेल्या हातांनी वरचं चाक धरून ओढलं, तशी चाकाने करकरत अर्धी फेरी घेतली, ते थांबलं, आणि मग जरा सैल होऊन पुरती एक फेरी घेतली. गंजाचा भुगा त्याच्या केसांवर पडला. एकतीस वर्षांचा बाप्या माणूस, मंडईच्या जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या पोरासारखा हसत होता.

"घेऊन टाकू, बाबा. मावशी, घेतली म्हना. महिन्याभरात उभी करतो का नाई पाहा. पहिली फळी तुमच्या दाराची पाडून देतो, मजुरी नाई घेत."

गीताबाईच्या चेहऱ्यावर, ते दोघं आल्यापासून पहिल्यांदाच, काहीतरी हललं. "दार," ती म्हणाली. एवढंच.

"चल बाबा, हे लाकूड उतरवू. तू त्या बाजूनं फक्त टेका दे, जोर मी लावतो."

उदाराम मोटारसायकलपासून निघाला. दहा-बारा पावलांचं अंगण. पौषातलं ढगाळ आभाळ डोक्यावर आलं होतं, शेजारी कुठंतरी धान कुटायची मशीन धडधडत होती. तो ओंडक्यापाशी आला, वाळलेली वेल त्याने बाजूला केली, आणि टेका द्यायला हात ठेवला.

हात ठेवला आणि हेमेंद्र पहारीने दुसऱ्या टोकाला उचल देऊ लागला. लाकूड किंचित हललं. खरबरीत, गार, आपल्याच खळ्यावरचं लाकूड.

"एकडाव," गीताबाई मागून पुटपुटली; ती त्यांच्याशी बोलत नव्हती. "एकडाव विचारलं असतं तं."

"थांब रे," उदाराम म्हणाला.

"काऊन? दुखलं?"

"थांब म्हनतो ना." त्याने हात काढला नाही. "बाई, त्यानं विचारलं होतं."

गीताबाईने वर पाहिलं. "कोनं?"

"तुमच्या मिस्त्रीनं. चैतरामनं. माह्याच खळ्यावर. माहा हात धरून असाच ठेवाले लावला अना तीनदा विचारलं. मी तीनदा नाई म्हनलो."

धानाची मशीन धडधडत राहिली. हेमेंद्रने पहार हळूच खाली ठेवली.

"बाबा, काय बोलून राहिला तू?"

"तू चूप बस."

गीताबाई दोन पावलं पुढे आली. आता ती हातातल्या कामाकडे बघत नव्हती. हातात काम नव्हतंच.

"तीनदा?"

"तीनदा."

"खिळा तुमाले मालूम होता?"

"मीच ठोकाले लावला होता." उदारामने हनुवटीने हेमेंद्रकडे दाखवलं. "ह्या पोट्ट्याले फिट येत होत्या. एवढासा होता. पुजाऱ्यानं म्हनलं, सांगतला का सुटते. म्हून नाई सांगतलो. त्याले बी नाई, तुमच्या मानसाले बी नाई. आता सांगतलो."

हेमेंद्रचा काळा हात नकळत आपल्या टाळूवर गेला आणि तिथंच राहिला.

उदारामला वाटलं, ही आता शिव्या देईल. छाती बडवेल, पहार उचलेल, गाव गोळा करील. त्याने मान खाली घालून वाट पाहिली. यातलं काही झालं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. ती हेमेंद्रला पाहत होती. पायांपासून डोक्यापर्यंत, आणि पुन्हा पायांपर्यंत.

"हाच पोट्टा?"

"हाच."

"मंग? पुन्हा आली काय फिट?"

"नाई, बाई. नाई आली."

"बरं," गीताबाई म्हणाली.

त्या एका शब्दाने म्हातारा खचला. आऱ्याच्या टायरला पाठ टेकून तो खाली मातीत बसला आणि गमच्यात तोंड घालून रडू लागला. सत्तर वर्षांचा माणूस रडताना बरा दिसत नाही. हेमेंद्रने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. जवळ मात्र गेला नाही.

गीताबाई कुंपणापाशी गेली. पलीकडे दिराचं अंगण होतं. तिथं कोणी नव्हतं, ताडपत्रीवर धान वाळत होतं आणि एक कोंबडी ते विस्कटत होती. तरी ती मोठ्याने, कोणाला तरी हाक मारावी तशी म्हणाली,

"विचारलं होतं त्यानं! तीनदा विचारलं होतं!"

कोंबडी उडाली. मग गीताबाई वळली, पोत्याचा पडदा सारून आत गेली.  पडदा हलत राहिला, तेवढ्यात आतल्या भिंतीवरचा फोटो एकदा दिसला आणि गेला.

बाहेर आली तेव्हा तिने तोंड धुतलं होतं. केसांना पाणी लागलं होतं.

"मशीन द्याची नाई," ती म्हणाली.

हेमेंद्रने तोंड उघडलं. "मावशी, आपन भाव..."

"भावाचं नाई, बाबू. तुमालेच नाई असं नाई. कबाडवाल्यालेही नाई, कोनालेच नाई. घरकुल त्या बाजूले बांधन. राहू दे त्याची मशीन." तिने इंजिनच्या पत्र्यावरची माती पदराने पुसली, दुसऱ्या पोपटाचा पंख निघाला. "तुमचं लाकूड तेवढं घेऊन जा."

"गाडी आनतो," उदाराम मातीतून उठत म्हणाला. "ह्याच हप्त्यात आनतो."

"आना. खिळा त्यातच राहू द्या, काढू नोका." ती थांबली. "पोट्ट्याचा हाय."

हेमेंद्रने सोडवलेला नट उचलला. फडक्याने पुसला, जागेवर बसवला आणि पान्याने घट्ट आवळला. मग चाकाला एकदा हात लावला. चाक सहज फिरलं. पाने, हातोडी, घासलेटची बाटली त्याने एकेक करून पिशवीत भरली आणि मोटारसायकल सुरू केली.

 गोंदियात चहाला थांबायचं ठरलं होतं, थांबले नाहीत. शहर मागे पडलं, दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाच्या बांध्या लागल्या, आभाळ अजून खालीच होतं.

"उद्या हैदराबादच्या शेठले फोन करतो," हेमेंद्र पुढे बघत म्हणाला.

"कर," उदाराम म्हणाला.

येताना तो सीटच्या मागची कडी धरून बसला होता. आता त्याने दोन्ही हात पोराच्या कमरेभोवती घातले होते आणि उजवा तळहात त्याच्या पोटावर सपाट ठेवला होता. जरा कुठं अंग ताठ होतं का, हात थरथरतो का, मान एका बाजूला जाते का. त्याने गाल पोराच्या पाठीला लावला आणि श्वास मोजू लागला. आतापर्यंत तरी सगळं ठीक होतं.

"बाबा, एवढं घट्ट काऊन धरून राहिला?"

"रस्ता खराब हाय."

रस्ता गेल्याच वर्षी झालेला होता. एकही खड्डा नव्हता.